पोटात पोकळी असलेल्या भागाचं मेशिंग

अॅल्युमिनियमच्या डाय-कास्ट भागाचा सीटी स्कॅन काढला, की बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या धातूच्या आत वायूचे बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात. भागावर भार आल्यावर या बुडबुड्यांभोवती ताण किती चढतो हे काढायचं, तर आधी त्या भागाचा घन मेश लागतो. म्हणजे धातूची सगळी जागा लहान लहान चतुष्फलकांनी भरायची आणि पोकळ्यांमध्ये एकही चतुष्फलक ठेवायचा नाही. या चतुष्फलकांना या क्षेत्रात सरसकट ‘टेट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पोकळी चुकून भरली गेली, तरी बरीच सॉफ्टवेअर गप्प राहतात. मेश बाहेरून तसाच दिसतो, सॉल्व्हर (मेशवर ताणाचं गणित सोडवणारा प्रोग्राम) चालतो, रंगीत चित्र येतं, फक्त ते चित्र दुसऱ्याच भागाचं असतं. बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टीची खात्री डोळ्यांनी करता येत नाही, ती आकड्यांनी करावी लागते. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर काय मोजायचं तेही दिलं आहे.

उदाहरण साधं घेऊ: १०० मिमी बाजूचा घन, मध्ये ४० मिमी व्यासाची गोल पोकळी, बाहेर कुठेही न उघडणारी. घनाचं आकारमान १०,००,००० घन मिमी, पोकळीचं ३३,५१०. धातू उरतो ९,६६,४९०. हे आकडे शेवटपर्यंत लागतील.

भोक म्हणजे पोकळी नव्हे

टम्म फुगलेल्या पुरीत हवा चहूबाजूंनी बंद असते. तिला दोन पृष्ठभाग असतात, एक बाहेरचा आणि एक आतला, आणि ते एकमेकांना कुठेच जोडलेले नसतात. मेशिंगच्या भाषेत बंद पोकळी ती हीच. टाचणीने एक भोक पाडलं, की बाहेरचा पृष्ठभाग त्या भोकातून आत शिरतो आणि दोन्ही मिळून एकच पृष्ठभाग होतो. पोकळी संपली, उरला एक खोल खड्डा. दुसरं भोक पाडलं, की आरपार बोगदा तयार होतो.

हा फरक कामाचा आहे. वाळूचा कोर घालून ओतलेल्या भागात, उदाहरणार्थ इंजिन ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये, आतली जागा कितीही वाकडीतिकडी असली तरी ती बाहेर उघडतेच, कारण कोर बसवायला आधार लागतो आणि वाळू नंतर बाहेर काढावी लागते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये ओतल्या जाणाऱ्या कोरवाल्या जॉबनाही हेच लागू आहे. पण ती कोरची भोकं प्लग मारून बंद केली आणि प्लगसकट मॉडेल बनवलं, तर तीच जागा बंद पोकळी ठरते. थ्री-डी प्रिंटिंगमध्ये याच्या उलट घडतं: आत अडकलेली पावडर किंवा रेझिन काढायला निचऱ्याचं भोक द्यावं लागतं आणि पोकळीचा खड्डा होतो. वायूचे बुडबुडे आणि आकसण्याने पडलेल्या आतल्या पोकळ्या मात्र खरोखर बंद असतात, त्यांना बाहेरचा रस्ता नाही.

आधी पृष्ठभाग

घन मेशची सुरुवात त्रिकोणांनी झाकलेल्या पृष्ठभागापासून होते. आपल्या घनाला असे दोन बंद कवच लागतात. बंद म्हणजे प्रत्येक कडा बरोबर दोन त्रिकोणांची असायला हवी. एकाच त्रिकोणाची कडा सापडली तर तिथे फट आहे, तीन किंवा जास्त त्रिकोणांची सापडली तर पृष्ठभाग तिथे दुमडला आहे किंवा एकावर एक चढला आहे.

एसटीएल फाइल (पृष्ठभाग नुसत्या त्रिकोणांच्या यादीत साठवणारी) असेल तर जास्त सांभाळावं लागतं. तिच्यात प्रत्येक त्रिकोण आपले तीन बिंदू स्वतंत्र घेऊन येतो, शेजारी कोण ते फाइलला माहीत नसतं. जवळजवळचे बिंदू जोडून घ्यावे लागतात. बायनरी एसटीएलमध्ये आकडे ३२ बिटांत साठतात, म्हणजे सुमारे ७ सार्थ अंक मिळतात. जोडण्याची मर्यादा फार लहान ठेवली तर फटी राहतात. फार मोठी ठेवली तर बारीक पोकळीचे समोरासमोरचे बिंदूच एकत्र होतात आणि पोकळी चिरडून जाते. सर्वांत लहान कडेच्या शंभराव्या भागापासून सुरुवात करावी.

पुढची गोष्ट त्रिकोणांच्या दिशेची. नियम एकच: लंब नेहमी धातूपासून दूर जाणारा असावा. बाहेरच्या कवचावर तो बाहेर जातो, पोकळीच्या कवचावर पोकळीच्या मध्याकडे. तपासायला सोपं आहे. प्रत्येक त्रिकोण आणि मूळबिंदू मिळून होणाऱ्या टेटचं चिन्हासकट आकारमान काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. बाहेरचं कवच धन येतं, पोकळीचं ऋण. एकूण उत्तर धातूच्या आकारमानाइतकं यायला हवं. १०,३२,००० च्या पुढे गेलं तर पोकळीची दिशा उलटी आहे, ती वजा होण्याऐवजी मिळवली गेली.

बेरीज अगदी ९,६६,४९० येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. गोलावर त्रिकोण ठेवले की त्यांचे कोपरे गोलावर असतात, पोट मात्र आत राहतं. कडेची लांबी h आणि त्रिज्या R असेल तर ही सरासरी तूट साधारण h²/८R भरते. ५ मिमी कडा आणि २० मिमी त्रिज्येला सुमारे ०.१६ मिमी. पोकळीवर साधारण ४६० त्रिकोण बसतात आणि पोकळी २.३ टक्क्यांनी लहान होते, म्हणून धातू ९,६७,२७५ च्या आसपास दिसतो. कडा निम्मी केली तर चूक चौपट कमी होते.

गोलाचे त्रिकोण अक्षांश-रेखांशासारखे पाडू नयेत. ध्रुवांपाशी सुईसारखे त्रिकोण जमा होतात आणि त्यांच्यामागून सुईसारखे टेट येतात. २० त्रिकोणांचा आयकोसाहेड्रॉन घेऊन प्रत्येक त्रिकोणाचे चार करत गेलं तर ८०, ३२०, १२८० असे जवळपास सारखे त्रिकोण मिळतात. १२८० वर आपल्या पोकळीची कडा सुमारे ३ मिमी होते.

भरणं आणि मग कोरणं

बहुतेक टेट मेशर, म्हणजे टेटचा मेश बनवणारे प्रोग्राम, गणितज्ञ बोरिस डेलोने यांच्या १९३४ च्या निकषावर उभे आहेत: टेटच्या चार कोपऱ्यांतून जाणाऱ्या गोलाच्या आत दुसरा कोणताही बिंदू असता कामा नये. दिलेल्या बिंदूंवर असं टेटीकरण केलं, की बिंदूंना वेढणारी सगळी बहिर्वक्र जागा टेटने भरते. यात पोकळीही भरते. या टप्प्यावर धातू कुठला आणि हवा कुठली हे मेशरला ठाऊकच नसतं.

नंतरचं काम अवघड आहे. पृष्ठभागाचा प्रत्येक त्रिकोण या टेटांच्या बाजूंमध्ये दिसायला हवा, आणि तो आपोआप दिसेलच असं नाही. सपाट बहुभुजाला नवे बिंदू न घालता त्रिकोणांत नेहमी विभागता येतं. तीन मितींत ही हमी नाही. श्योनहार्ट यांनी १९२८ मध्ये याचं सर्वांत लहान उदाहरण दिलं: त्रिकोणी प्रिझमचा वरचा त्रिकोण थोडा पिळायचा आणि बाजूच्या चौकोनांच्या आत दबणाऱ्या कर्णांवर घडी घालायची. फक्त ६ कोपरे आणि ८ त्रिकोण, तरीही नवा बिंदू घातल्याशिवाय त्याचे टेट होत नाहीत. एखाद्या बहुफलकाचे असे टेट होतील की नाही हे ठरवणंच सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे त्यासाठी झटपट चालणारी कोणतीही पद्धत माहीत नाही, असं रुपर्ट आणि सायडेल यांनी सिद्ध केलं. म्हणून मेशर स्वतःहून जादा बिंदू घालतात, त्यांना श्टाइनर बिंदू म्हणतात. तुम्ही दिलेल्या पृष्ठभागावर अचानक नवे नोड (मेशचे बिंदू) दिसले तर ते इथून आलेले असतात. शेजारच्या भागाशी नोड जुळवायचे असतील तर टेटजेन या मेशरमध्ये कॅपिटल वाय हा स्विच (प्रोग्राम चालवताना द्यायचा पर्याय) द्यावा, मग पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो.

गोल पोकळीची आणखी एक खोडी आहे. तिचे सगळे बिंदू एकाच गोलावर असतात. डेलोने निकषासाठी ही सर्वांत वाईट स्थिती, कारण कोणता बिंदू आत आणि कोणता बाहेर हे साध्या दशांश गणितात आकडे छाटताना होणाऱ्या चुकीवर ठरू लागतं. टेटजेन यासाठी जोनाथन श्यूचक यांची अचूक गणिताची तंत्रं वापरतं. स्वतःचा मेशर लिहिणाऱ्याने ही पायरी गाळली, तर पहिली गोल पोकळीच त्याचा प्रोग्राम अडकवेल.

पृष्ठभाग जागेवर बसला की कोरकाम. पोकळीच्या आत एक खुणेचा बिंदू द्यायचा. तो ज्या टेटमध्ये पडतो तो टेट पुसला जातो, मग त्याचे शेजारी, मग शेजाऱ्यांचे शेजारी. पृष्ठभागाचा त्रिकोण आडवा आला की तिथे थांबायचं. बाहेरूनही असंच कोरत आतवर येतात. एक जरी त्रिकोण गायब असला तरी पुसणं त्या फटीतून धातूत शिरतं आणि सगळा भाग साफ होतो. ‘मेशमध्ये शून्य टेट’ असा निकाल दिसला की आधी फट शोधावी.

बर्लिनच्या वायरश्ट्रास संस्थेत हांग सी यांनी लिहिलेल्या टेटजेनमध्ये हा बिंदू पॉली नावाच्या इनपुट फाइलच्या तिसऱ्या भागात जातो. पहिल्या भागात बिंदू, दुसऱ्यात पृष्ठभाग, तिसऱ्यात पोकळ्या, चौथ्यात प्रदेश. इथे हमखास गोंधळ होतो, कारण दुसऱ्या भागातही प्रत्येक पृष्ठभागाला भोकांची यादी देता येते. ती भोकं त्या सपाट पृष्ठभागातली असतात, खिडकीची चौकट काढून टाकावी तशी. घन पोकळीचा बिंदू तिथे लिहिला तर पोकळी भरलेलीच राहते. एसटीएलमध्ये तर या यादीला जागाच नाही. अशा वेळी पी स्विचसोबत कॅपिटल ए द्यावा: मेशर प्रत्येक बंद प्रदेशाला वेगळा क्रमांक देतो, मग आकारमान पाहून पोकळीचा प्रदेश काढून टाकता येतो. लहान ए वेगळा, तो टेटच्या कमाल आकारमानाची मर्यादा घालतो. आणि हे सगळं करण्याआधी एकदा डी स्विच चालवावा, पृष्ठभाग एकमेकांना छेदत असतील तर तो दाखवतो.

खुणेचा बिंदू काढायला पोकळीच्या सगळ्या बिंदूंची सरासरी घेणं सोपं वाटतं. गोलाला चालतं. चंद्रकोरीच्या किंवा वाकलेल्या पोकळीची सरासरी धातूत पडू शकते, आणि मग धातू पुसून पोकळी शिल्लक राहते. खात्रीची पद्धत अशी: पोकळीच्या एका त्रिकोणाच्या मध्यातून लंबाच्या दिशेने किरण सोडायचा, तो समोरच्या भिंतीला पहिल्यांदा जिथे लागेल तिथपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याचा मध्य वापरायचा. लंबाच्या दिशा आधी तपासलेल्या असतील तर हे चुकत नाही.

बेल्जियममध्ये क्रिस्तोफ ग्युझेन आणि जाँ-फ्राँस्वा रेमाकल यांनी घडवलेल्या जीमेश या मेशरमध्ये खुणेचा बिंदू लागत नाही. प्रत्येक बंद कवचाचा एक सरफेस लूप करायचा आणि व्हॉल्यूमच्या यादीत पहिला बाहेरचा, नंतर पोकळ्यांचे असा क्रम द्यायचा. पहिला लूप बाहेरची हद्द, पुढचे सगळे पोकळ्या. सोबत येणाऱ्या पाचव्या ट्युटोरियलमध्ये कोपरा कापलेल्या घनात पाच गोल पोकळ्या अशाच केल्या आहेत, नवख्याने ते आधी चालवून पाहावं. जीमेशमधला ओपनकॅस्केड हा भूमितीचा गाभा वापरत असाल तर घनातून गोल बूलियनने वजा केला की लूपची नोंद आपोआप होते. नेहमीची चूक म्हणजे वजाबाकीनंतर मूळ गोल न पुसणं. मग पोकळीत गोलाचा वेगळा मेश बसतो आणि छेद घेतल्याशिवाय ते कळत नाही.

पोकळीत पोकळी, किंवा पोकळीत सुटा तुकडा असेल तर खोली मोजायची. बिंदूपासून किरण सोडून किती कवच ओलांडले ते पाहायचं. विषम संख्या आली तर धातू, सम आली तर हवा. किरण कडेवरून किंवा कोपऱ्यातून गेला तर मोजणी बिघडते, म्हणून वाकड्या दिशेचे तीन किरण सोडून बहुमत घ्यावं.

आकार आणि दर्जा

५ मिमी कडेच्या समभुज टेटचं आकारमान सुमारे १४.७ घन मिमी असतं. त्या हिशोबाने आपल्या घनात साधारण ६५ हजार टेट बसतील. सगळीकडे २.५ मिमी केलं तर सव्वापाच लाख. ही आठपट वाढ बहुतेक वाया जाते, कारण ताण पोकळीभोवती बदलतो, कोपऱ्यांत नाही. पोकळीवर २.५ मिमी, बाहेर ८ मिमी आणि शेजारच्या टेटांच्या आकारात १.२ ते १.५ पट वाढ एवढं पुरतं.

बारीक भिंत जास्त त्रास देते. पोकळी बाहेरच्या पृष्ठभागापासून २ मिमीवर असेल आणि त्रिकोण ५ मिमीचे असतील, तर डेलोनेच्या कडा भिंत ओलांडून समोरच्या कवचाच्या बिंदूंना जोडल्या जातात. मग पृष्ठभाग परत मिळवताना श्टाइनर बिंदूंची गर्दी होते आणि चपटे टेट उरतात. भिंतीपाशी त्रिकोणाची कडा भिंतीच्या जाडीपेक्षा मोठी ठेवू नये, दोन्ही बाजूंनी.

चार नोडांचे टेट वाकण्याला फाजील ताठ असतात, बारीक भिंत खरी असेल त्यापेक्षा मजबूत दिसते. ताणाच्या कामाला दहा नोडांचे (चार कोपरे आणि सहा कडांचे मध्य) टेट घ्यावेत, भिंतीच्या जाडीत निदान दोन. याची किंमत आहे: ६५ हजार टेटांना चार नोडांत १३-१४ हजार नोड लागतात, दहा नोडांत लाखाच्या जवळपास. शिवाय कडेचा मधला नोड गोल पृष्ठभागावर ओढला की टेट स्वतःतच उलटू शकतो आणि सॉल्व्हर ‘निगेटिव्ह जेकोबियन’ म्हणून थांबतो. पोकळीत हे जास्त होतं, कारण तिथे पृष्ठभाग धातूच्या बाजूने आत वळलेला असतो. तिथली कडा लहान करणं हा इलाज.

दर्जा मोजायला टेटजेनचा क्यू स्विच टेटच्या बाह्यगोलाची त्रिज्या आणि सर्वांत लहान कडा यांचं गुणोत्तर पाहतो. समभुज टेटला ते ०.६१ असतं. पण स्लिव्हर नावाचा टेट या चाळणीतून निसटतो. गोलाच्या विषुववृत्ताजवळ चार बिंदू चौकोनासारखे बसले तर गुणोत्तर ०.७१ च्या आसपास, म्हणजे उत्तम, आणि आकारमान जवळपास शून्य. म्हणून दोन बाजूंमधला कोनही पाहावा. समभुज टेटला तो ७०.५ अंश असतो. ५ अंशांखालचे टेट राहू देऊ नयेत, आणि पोकळीला लागून असतील तर १० अंशांखालचेही नकोत.

पोकळीत हवा किंवा पाणी असून त्याचंही गणित करायचं असेल, जसं ध्वनी, चुंबकत्व किंवा उष्णता, तर काही पुसायचं नाही. पोकळी हा दुसरा प्रदेश धरायचा. मात्र दोन्ही प्रदेशांचा सामाईक पृष्ठभाग एकच हवा. दोन वेगळे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर नोड जुळत नाहीत आणि उष्णता भिंतीपाशीच अडते. ओपनकॅस्केडमध्ये यासाठी वजाबाकीऐवजी फ्रॅगमेंट ही क्रिया वापरतात.

स्कॅनमधून आलेल्या पोकळ्या

सीटी स्कॅन जागा ज्या बारीक ठोकळ्यांत मोजतो त्यांच्यामधून पृष्ठभाग काढायला लॉरेन्सन आणि क्लाइन यांची १९८७ ची मार्चिंग क्यूब्ज पद्धत वापरतात. तिच्यातून येणारे त्रिकोण पायऱ्यापायऱ्यांचे आणि ठोकळ्याएवढेच बारीक असतात, ते तसेच मेशरला देऊ नयेत. आधी हलकं गुळगुळीत करायचं, मग त्रिकोण नव्याने पाडायचे. गुळगुळीत करताना लहान पोकळ्या आकसतात, म्हणून आकारमान आधी आणि नंतर मोजावं. ३×३×३ ठोकळ्यांहून लहान पोकळी बहुधा स्कॅनचा गोंगाट असते, ती भरून टाकणं चांगलं.

ठोकळे जोडण्याचा नियम धातूला आणि हवेला वेगळा लागतो. धातूचे ठोकळे फक्त बाजूने लागले तरच जोडलेले मानले, तर हवेचे कडेने किंवा कोपऱ्याने लागले तरी जोडलेले मानावे लागतात. दोघांना एकच नियम लावला की पोकळ्यांची संख्या चुकते. आणि जिथे दोन पोकळ्या नुसत्या कोपऱ्याने शिवतात तिथे एक ठोकळा भरून किंवा काढून निकाल लावून टाकावा, नाहीतर एकाच बिंदूत दोन पृष्ठभाग चिकटतात आणि मेशर तिथेच हात टेकतो.

मोजून पाहा

मेश तयार झाला की आधी सगळ्या टेटांच्या आकारमानांची बेरीज. आपल्या घनाला ती ९.६७ लाख हवी. १० लाख आली तर पोकळी भरली आहे. ३३ हजारांच्या आसपास आली तर खुणेचा बिंदू धातूत पडला आणि उलटंच कोरलं गेलं.

बारीक पोकळ्यांना ही बेरीज पुरत नाही. १ मिमी व्यासाच्या बुडबुड्याचं आकारमान अर्धा घन मिमी, दहा लाखांत ते दिसणारच नाही. तिथे ऑयलरचा आकडा कामी येतो: नोड वजा कडा अधिक बाजू वजा टेट. भरीव ठोकळ्याला उत्तर १. प्रत्येक बंद पोकळी त्यात एक मिळवते, प्रत्येक आरपार बोगदा एक कमी करतो. आपल्या घनाला २ यायला हवं. निचऱ्याचं एक भोक पाडलं तर १, दोन पाडली तर ०. याची मर्यादा इथेच दिसते: एक पोकळी आणि एक बोगदा असलेला भागही १ दाखवतो, भरीव ठोकळ्यासारखाच. म्हणून फक्त एकाच टेटच्या असलेल्या बाजू गोळा कराव्यात, त्यांचे जोडलेले गट मोजावेत, आणि प्रत्येक गटाचा नोड वजा कडा अधिक त्रिकोण हा आकडा वेगळा काढावा. बुडबुड्याला तो २ येतो, बोगदा असलेल्या पृष्ठभागाला ०. ३७ बुडबुडे अपेक्षित असतील तर ३८ गट मिळायला हवेत, एक बाहेरचा धरून.

शेवटी सॉल्व्हरसकट सगळी साखळी एकदा ज्ञात उत्तरावर तपासावी. त्याच घनात पोकळी १० मिमी व्यासाची करा, म्हणजे घनाच्या भिंती दूर जातात, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंवर एकसमान ओढ द्या. अनंत माध्यमातल्या गोल पोकळीसाठी कमाल ताण लावलेल्या ताणाच्या (२७ − १५ν) / (२(७ − ५ν)) पट असतो. ν म्हणजे पॉयसन गुणोत्तर (धातू ओढल्यावर आडवा किती आकसतो ते), ते ०.३ घेतलं तर २.०५ पट. तो ओढीला काटकोनात असलेल्या विषुववृत्तावर मिळतो. ओढीच्या रेषेवरच्या दोन ध्रुवांपाशी ताण उलट दाबाचा असतो, ०.६८ पट. सगळीकडे बरोबर १ आलं तर पोकळी भरली गेली आहे. १.८ च्या आसपास अडलं तर पोकळीवरची कडा मोठी आहे, ती ०.५ मिमीपर्यंत आणून पुन्हा चालवा. विषुववृत्ताचा आकडा जमला पण ध्रुवांचा नाही, तर सॉल्व्हर नोडवर शेजारच्या टेटांच्या ताणांची सरासरी दाखवतोय का ते पाहा, आणि पृष्ठभागाला चिकटलेल्या टेटांचे आकडे सरासरीशिवाय काढा.